रक्त सांडू न देणारा सर्जन : डॉ. विल्यम हॉल्स्टेड



आठवीला रक्ताभिसरणाचा पाठ शिकवताना रक्तगट आणि रक्तदान या भागावर आलं की वर्ग जागा होतो, हा अनुभव तुमचाही असेल. गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या आवारात रक्तदान शिबिर झालं आणि दुसऱ्याच दिवशी हा पाठ आला. एका मुलीने उभं राहून विचारलं की ऑपरेशनमध्ये रक्त जातं म्हणून बाहेरचं रक्त द्यावं लागतं हे कळलं, पण मुळात डॉक्टर ते जाऊच का देतात? आणि जे गेलं ते गोळा करून त्याच माणसाला परत का घालत नाहीत?

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर देताना माझी गडबड झाली. वेळ मारून नेली आणि घरी येऊन वाचायला बसले. वाचता वाचता एक माणूस सापडला. अमेरिकेतले सर्जन विल्यम स्टुअर्ट हॉल्स्टेड. त्या मुलीच्या दोन्ही प्रश्नांशी या माणसाचा संबंध होता. पुढच्या तासाला मी त्यांची गोष्ट वर्गात सांगितली, पण अर्धीच. त्यांच्या आयुष्यातला एक भाग मी मुद्दाम गाळला. मुलांना कशाला सांगायचं, असं वाटलं. दोन दिवसांनी एक मुलगा मोठ्या भावाच्या मोबाइलवर वाचून आला आणि बाई, तुम्ही हे का नाही सांगितलं, असं सरळ विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून इथे सगळी गोष्ट लिहिते आहे. वर्गात किती सांगायची ते तुम्ही ठरवा.

आधी एक छोटं गणित. हे वर्गात जरूर करून घ्या. औषधाचा ड्रॉपर घ्या आणि मोजायच्या कपात लाल रंगाचं पाणी थेंबथेंब सोडायला सांगा. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलीटर होतो. आता समजा, जखमेतली एक बारीकशी रक्तवाहिनी सेकंदाला एक थेंब गळते आहे. मिनिटाला 60 थेंब म्हणजे 3 मिलिलीटर, तासाला 180. अशा पाच जागा गळत असतील तर तासाला 900 आणि दोन तासांत 1800 मिलिलीटर. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असतं जेमतेम पाच लिटर. त्यातलं तिसऱ्या हिश्शाहून जास्त गेलं, आणि तेही कुठली मोठी रोहिणी न कापता! इतकं रक्त गेलं की रक्तदाब घसरतो, नाडी धावू लागते, जीव धोक्यात येतो. शिबिरात आपण देतो ती एक पिशवी साधारण 350 मिलिलीटरची. म्हणजे या थेंबांची भरपाई करायला पाच पिशव्या लागतील. मुलं हे गणित विसरत नाहीत, कारण ड्रॉपर त्यांच्या हातात असतो.

मोठी रक्तवाहिनी तुटली तर धार दिसते, सगळे धावतात. थेंबाकडे कोण बघतो? हॉल्स्टेड यांनी बघितलं. त्याआधी त्यांचं आयुष्य मात्र अगदी वेगळ्या वळणाने गेलं होतं.

23 सप्टेंबर 1852 रोजी न्यूयॉर्कमध्ये एका श्रीमंत व्यापारी घराण्यात त्यांचा जन्म झाला. येल विद्यापीठात शिकले, पण अभ्यासाचं नाव नको. फुटबॉल संघाचे कप्तान होते. ग्रंथालयातून त्यांनी एकही पुस्तक घेतल्याची नोंद नाही असं सांगतात. (आपल्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मंडळींना हे सांगायचं की नाही, तुम्हीच ठरवा!) शेवटच्या वर्षी कुठून तरी शरीररचनेचं पुस्तक हाती आलं आणि पोरगा बदलला. 1874 मध्ये वैद्यकीय शिक्षणाला लागले. न्यूयॉर्कच्या रुग्णालयात उमेदवारी करताना त्यांनी खाटेशी लावायचा एक तक्ता तयार केला, त्यावर ताप, नाडी आणि श्वास यांची नोंद एकत्र होई. आजही वॉर्डात खाटेच्या पायथ्याशी तसा तक्ता दिसतो.

त्यानंतर दोन वर्षं ते युरोपात राहिले. त्या काळी खरी शस्त्रक्रिया शिकायची तर व्हिएन्ना आणि जर्मनी. व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ, हालं शहरात फोल्कमन, असे मोठमोठे सर्जन त्यांनी जवळून पाहिले.

त्या काळची शस्त्रक्रिया कशी होती ते थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. 1846 मध्ये बॉस्टनला ईथरची भूल देऊन ऑपरेशन झालं. त्याआधी माणूस शुद्धीवर असताना कापाकापी चाले, त्यामुळे जो सर्वात झटपट हात चालवेल तो सर्वात मोठा सर्जन. लंडनचे रॉबर्ट लिस्टन मांडीतून पाय तीन मिनिटांच्या आत कापून वेगळा करत. दुःख कमी व्हावं म्हणून ही घाई होती आणि ती योग्यच होती. पण भूल आली, रुग्ण शांत झोपला, तरी सर्जनचा हात काही हळू झाला नाही. कौतुक वेगाचंच होत राहिलं. मोठी रोहिणी दोऱ्याने बांधायची पद्धत सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रुआज पारे यांनी नावारूपाला आणली होती आणि रक्तवाहिनी पकडणारे चिमटेही बाजारात आले होते. पण ऑपरेशनच्या खोलीत ते असायचे मोजकेच. बारीक वाहिन्या बोळ्याने दाबायच्या, पुसायच्या आणि पुढे जायचं.

1880 मध्ये हॉल्स्टेड न्यूयॉर्कला परतले आणि या घाईच्या दुनियेत ते चांगलेच रमले. सकाळी एका रुग्णालयात, दुपारी दुसऱ्या, रात्री विद्यार्थ्यांना शिकवणी. हात धाडसी आणि वेगवान. बेलव्ह्यू रुग्णालयातल्या जुन्या शस्त्रक्रियागृहात जंतुनाशक पद्धत नीट पाळली जात नाही म्हणून त्यांनी मित्रांकडून सुमारे दहा हजार डॉलर जमवले आणि आवारात स्वतंत्र तंबू उभारून घेतला. त्याची जमीन मेपल लाकडाची, गुळगुळीत, धुऊन काढता येईल अशी. असा स्वभाव!

आता त्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ.

1881 मध्ये हॉल्स्टेड बहिणीकडे गेले होते. ती नुकतीच बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. ती पांढरीफटक पडली होती, नाडी लागत नव्हती. हॉल्स्टेड यांनी स्वतःच्या शिरेत सुई घातली, सिरिंज भरून रक्त काढलं आणि सरळ तिच्या शिरेत सोडलं. ती वाचली.

हा प्रसंग वर्गात सांगाल तेव्हा इथे थांबा आणि मुलांना विचारा की यात धोका काय होता. आठवीची मुलं उत्तर देतात, कारण त्यांनी रक्तगट शिकलेले असतात. हॉल्स्टेड यांना मात्र ते ठाऊक नव्हते. कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्नात रक्तगट शोधले ते 1901 मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी. भावाचं रक्त बहिणीला जुळलं हे नशीब. जुळलं नसतं तर ज्या सिरिंजने तिला वाचवलं तिनेच तिचा जीव घेतला असता. दुसऱ्याचं रक्त देणं हा तेव्हा जुगारच होता. म्हणून रुग्णाचं स्वतःचं रक्त वाचवणं याला पर्यायच नव्हता, ही गोष्ट नीट लक्षात घ्या.

त्याच सुमारास त्यांनी आणखी एक विलक्षण प्रयोग केला. न्यूयॉर्कमध्ये दिव्यांसाठी नळाने गॅस येई आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असे. झोपेत गॅस सुटला की माणसं गुदमरत. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे रक्त अंगात असूनही निकामी होतं. हॉल्स्टेड यांनी अशा रुग्णाचं रक्त बाहेर काढलं, ते फेटून गोठवणारे तंतू वेगळे केले, हवेशी चांगलं मिसळू दिलं, गाळलं आणि त्याच रुग्णाच्या अंगात परत सोडलं. 1883 मध्ये त्यांनी यावर निबंध लिहिला. माणसाचं रक्त बाहेर काढून, साफ करून, त्यालाच परत देता येतं! पुढे तीन वर्षांनी एडिंबरात जॉन डंकन यांनी पाय कापताना वाहिलेलं रक्त गोळा करून त्याच रुग्णाला परत दिल्याचं प्रसिद्ध केलं.

आज मोठ्या रुग्णालयांत याचं यंत्र असतं, डॉक्टर त्याला सेल सेव्हर म्हणतात. जखमेत साचलेलं रक्त नळीने ओढून घेतात, ते गोठू नये म्हणून औषध मिसळतात, मग एका गरगर फिरणाऱ्या भांड्यात ते घुसळलं जातं. ताक घुसळून लोणी वेगळं काढतो ना, तसंच काहीसं समजा. जड तांबड्या पेशी वेगळ्या होतात, सलाइनने धुतल्या जातात आणि पुन्हा शिरेतून आत जातात. हृदयाच्या आणि मणक्याच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये ते फार उपयोगी पडतं. मात्र आतडं फुटून घाण मिसळलेली असेल तर ते रक्त सहसा घेत नाहीत. तर आमच्या त्या विद्यार्थिनीला उत्तर असं आहे की परत घालतात, पण प्रत्येक वेळी जमत नाही आणि यंत्र प्रत्येक ठिकाणी नसतं.

1882 च्या सुमारास हॉल्स्टेड यांनी आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन केलं. रात्री दोन वाजता, स्वयंपाकघरातल्या टेबलावर! पू काढला, खडे काढले आणि आई बरी झाली. बहीण झाली, आई झाली. तिशीच्या आसपासचा तरुण, आणि सगळ्या शहरात नाव.

आता मी वर्गात गाळलेला भाग.

1884 च्या सप्टेंबरात कार्ल कोलर यांनी शोधून काढलं की कोकेनचे थेंब टाकले तर डोळा बधिर होतो आणि भूल न देता ऑपरेशन करता येतं. बातमी अमेरिकेत पोचताच हॉल्स्टेड आणि त्यांचे तरुण सहकारी कामाला लागले. नसेजवळ कोकेन टोचलं तर त्या नसेचा पुढचा सगळा भाग बधिर होतो हे त्यांनी दाखवलं. दाताच्या डॉक्टरकडे आपला अर्धा जबडा सुन्न होतो त्यामागे हेच तत्त्व आहे. (आज औषध कोकेन नसतं, दुसरं असतं.) प्रश्न असा की हे प्रयोग त्यांनी कोणावर केले? स्वतःवर आणि एकमेकांवर. कोकेनचं व्यसन लागतं हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. काही महिन्यांत ते सगळे अडकले. त्यातल्या काही जणांची आयुष्यं पार उद्ध्वस्त झाली. हॉल्स्टेड व्याख्यानं बुडवू लागले, ऑपरेशनला यायचे बंद झाले. 1885 मध्ये कोकेनवर त्यांनी लिहिलेला एक लेख छापून आला तो इतका भरकटलेला आहे की एका वाक्याचा दुसऱ्याशी मेळ नाही.

1886 मध्ये त्यांना प्रॉव्हिडन्स शहरातल्या बटलर रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. हे मनोरुग्णांचं रुग्णालय. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगते, त्याच वर्षी आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. व्यसन सोडवायचा उपाय म्हणून तेव्हा डॉक्टर मॉर्फिन देत. झालं काय, तर एक सवय सुटायच्या आधी दुसरी लागली. मॉर्फिनने त्यांची पाठ पुढे कधीच सोडली नाही. बाहेर आले, पुन्हा घसरले, पुन्हा दाखल झाले. न्यूयॉर्कमधली कारकीर्द संपली होती.

अशा माणसाला कोण जवळ करणार? मित्र विल्यम वेल्च यांनी केलं. वेल्च बाल्टिमोरला नव्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाची उभारणी करत होते. त्यांनी हॉल्स्टेडना स्वतःकडे बोलावलं. लगेच सुरी हातात दिली नाही बरं का. आधी आपल्या प्रयोगशाळेत बसवलं. तिथे हॉल्स्टेड कुत्र्यांच्या आतड्यांवर टाके घालायचा अभ्यास करत राहिले. आतड्याच्या भिंतीत थर असतात, त्यातला नेमका कोणता थर टाका धरून ठेवतो? महिनोन्महिने हेच काम. त्यांना आढळलं की आतल्या अस्तराखालचा पातळसा चिवट थर टाका धरतो. सुई त्यात अडकली पाहिजे, पण आतड्याच्या पोकळीत जाता कामा नये, नाहीतर जंतू बाहेर येतील. इतकं बारीक काम घाईने होत नाही.

या प्रयोगशाळेतून बाहेर पडलेले हॉल्स्टेड वेगळेच होते. न्यूयॉर्कचा धडाकेबाज, गप्पिष्ट, एका दिवसात तीन रुग्णालयं पालथी घालणारा सर्जन संपला होता. आता होता एक अबोल, लाजाळू, अतिशय सावकाश काम करणारा माणूस. हा बदल व्यसनाने झाला, आजारपणाने, की प्रयोगशाळेतल्या सवयीने, यावर अभ्यासक वाद घालतात. मला विचाराल तर प्रयोगशाळेचा वाटा मोठा असावा. मुक्या जनावराच्या आतड्यावर घाई केली तर चार दिवसांनी ते मेलेलं सापडतं आणि आपली चूक उघडी पडते. तिथे कौतुक करायला प्रेक्षक नसतात.

1889 च्या मे महिन्यात हॉपकिन्स रुग्णालय उघडलं आणि हॉल्स्टेड तिथे शस्त्रक्रिया करू लागले. 1892 मध्ये प्राध्यापक झाले. त्यांची पद्धत पाहून पाहुणे सर्जन अचंबित होत, काही कंटाळत. एका पाहुण्याने तर, यांच्या जखमेचं खालचं टोक कापून होईपर्यंत वरचं टोक भरून येतं, अशी थट्टा केल्याचं सांगतात.

काय करत होते ते? कातडी कापली की प्रत्येक गळती जागा, कितीही बारीक असो, लगेच चिमट्यात पकडायची. सरसकट मांसाचा गोळा धरायचा नाही, फक्त वाहिनीचं टोक. त्यासाठी निमुळत्या, बारीक टोकाचे चिमटे त्यांनी वापरात आणले. आज ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांना मॉस्किटो म्हणतात, म्हणजे डास. डास जेवढी कातडी धरतो तेवढीच धरायची! मग जाड दोऱ्याऐवजी अगदी तलम रेशमी धाग्याने ते टोक बांधायचं. जखमेत असे चिमटे दाटीवाटीने लटकलेले असायचे. एक थर कोरडा झाला की मगच पुढचा थर.

यामागचा विचार शिक्षकांनी नीट समजून घ्यावा, कारण मुलं हमखास विचारतात की हळू केलं तर जास्त वेळ रक्त जाणार नाही का? उलट. गळणारी जागा तिथल्या तिथे बंद केली तर पुढे कितीही वेळ लागो, ती गळत नाही. शिवाय जखम कोरडी असली की सर्जनला नीट दिसतं, म्हणून नको ती वाहिनी किंवा नस कापली जात नाही. तिसरं, चिमट्यात चिरडलेलं मांस मरतं आणि साचलेलं रक्त सडतं, त्यावर जंतू पोसले जातात. प्रतिजैविकं येण्याआधीचा तो काळ. जखम चिघळली की माणूस हातचा गेलाच. म्हणजे रक्त वाचवणं, ऊती हळुवार हाताळणं आणि जंतू दूर ठेवणं ही त्यांच्यासाठी तीन कामं नव्हतीच, एकच होतं.

या पद्धतीचा कस लागला तो गळ्याच्या शस्त्रक्रियेत. अवटू ग्रंथी, म्हणजे थायरॉइड, रक्ताने नुसती भरलेली असते. गलगंड कापताना रुग्ण टेबलावरच रक्त जाऊन मरत, इतके की अनेक सर्जन त्याला हातच लावत नसत. स्वित्झर्लंडमध्ये बर्नचे थिओडोर कोखर हे शांत, सावकाश, जवळजवळ रक्ताविना हे ऑपरेशन करून दाखवत होते. सुरुवातीच्या शंभरेक शस्त्रक्रियांत त्यांचे सुमारे 13 टक्के रुग्ण दगावले होते, पुढे हजारो शस्त्रक्रियांनंतर हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आलं. 1909 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हॉल्स्टेड त्यांना फार मानत, बर्नला जाऊन त्यांचं काम पाहत. 1892 मध्ये हॉल्स्टेड यांनी स्वतः गळ्याच्या मुळाशी असलेल्या मोठ्या रोहिणीचा फुगा, तिला उगमाजवळ बांधून, यशस्वीपणे काढून टाकला. हे आधी कोणाला जमलं नव्हतं.

रबरी हातमोज्यांची गोष्ट बहुतेकांनी ऐकली असेल. ऑपरेशनमध्ये मदत करणाऱ्या परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांची कातडी जंतुनाशकाने सोलवटून निघत होती. हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीला सांगून 1889-90 च्या हिवाळ्यात त्यांच्यासाठी पातळ मोजे बनवून घेतले. 1890 मध्ये दोघांचं लग्न झालं. गंमत अशी की मोज्यांमुळे जंतुसंसर्ग कमी होतो हे हॉल्स्टेड यांच्या ध्यानातच आलं नाही. ते पुढे त्यांचा शिष्य ब्लडगुड याने ओळखलं आणि दाखवून दिलं. जो माणूस एकेका थेंबाकडे बघत होता त्याला डोळ्यांसमोरची एवढी मोठी गोष्ट वर्षानुवर्षं दिसली नाही!

आणि एक गोष्ट याहून गंभीर आहे. स्तनाच्या कॅन्सरसाठी हॉल्स्टेड यांनी मोठी शस्त्रक्रिया रूढ केली. स्तन, त्याखालचा छातीचा स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळं एकत्र काढायचं. 1894 मध्ये त्यांनी 50 रुग्णांचा अहवाल दिला. त्याच जागी पुन्हा गाठ येण्याचं प्रमाण इतरांच्या मानाने बरंच कमी होतं, त्यामुळे जगभर हीच पद्धत चालू झाली. एवढी मोठी जखम करूनही रुग्ण टेबलावर रक्त जाऊन मरत नव्हता, हे त्यांच्या हाताचं यश. पण त्या बायकांचा हात सुजायचा, खांदा नीट हलायचा नाही, छातीचा आकार जायचा. 1970 च्या दशकात अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी मोठी चाचणी घेतली, तेव्हा दिसलं की एवढं कापून आयुष्य वाढत नाही. पाऊणशे वर्षं असंख्य बायकांनी गरजेपेक्षा जास्त सोसलं. माझ्या ओळखीतल्या एका आजींचं असं ऑपरेशन झालेलं मी पाहिलं आहे, म्हणून हे लिहिताना माझा हात थोडा अडखळतो. रक्त वाचवण्याचं कसब इतकं वाढलं की किती कापावं याची मर्यादा सुटली, असं मला वाटतं. डॉक्टर वाचकांना हे पटणार नाही कदाचित.

हॉल्स्टेड यांनी शिष्य घडवायची पद्धतही बसवली. तरुण डॉक्टर रुग्णालयातच राहायचा, वर्षानुवर्षं शिकायचा, हळूहळू जबाबदारी वाढायची. आज आपण ज्यांना रेसिडेंट डॉक्टर म्हणतो त्यांचं मूळ तिथे आहे. ते स्वतः बऱ्याचदा गैरहजर असत, शिष्यांनाच ऑपरेशन करू देत. कधी घरी कोंडून घेत, कधी उन्हाळ्यात महिनोन्महिने नॉर्थ कॅरोलिनातल्या डोंगरात डेलियाची फुलं वाढवत. शर्ट धुवायला पॅरिसला पाठवायचे म्हणे! सहकाऱ्यांना वाटे, विक्षिप्त आहेत. काहींना खरं कारण माहीत होतं. हॉपकिन्समधले त्यांचे सहकारी विल्यम ऑस्लर यांनी एका वहीत लिहून ठेवलं होतं की हॉल्स्टेड यांचं मॉर्फिन चालूच आहे. ती वही बंद ठेवली गेली आणि 1969 मध्ये उघडली. तोवर जगाला वाटत होतं की ते केव्हाच बरे झाले.

आमच्या वर्गातल्या त्या मुलाला हेच मोबाइलवर सापडलं होतं. नंतर मी वर्गात सगळं सांगितलं तेव्हा मुलांनी फारसा गोंधळ केला नाही. व्यसनी माणसाने ऑपरेशन केलं तर रुग्णाला सांगायला नको का, असं एका मुलीने विचारलं. त्यावर अर्धा तास चर्चा झाली. मीही गप्प बसून ऐकलं.

1896 मध्ये हॉल्स्टेड यांच्याकडे हार्वे कुशिंग नावाचा तरुण आला. त्याला मेंदूची शस्त्रक्रिया करायची होती. मेंदूत चिमट्याने पकडून दोरा बांधता येत नाही, ऊती फाटतात. कुशिंगने 1911 मध्ये चांदीच्या तारेची इवलीशी क्लिप काढली. वाहिनीवर बसवायची, दाबायची आणि तिथेच सोडून द्यायची. पुढे 1926 मध्ये बॉस्टनला त्याने विल्यम बोव्ही या तंत्रज्ञाने बनवलेलं विजेचं यंत्र वापरायला सुरुवात केली. टोकातून वीज जाते, वाहिनी शिजून बंद होते. रक्ताच्या भीतीने अर्धवट सोडलेल्या गाठी त्याने या यंत्राच्या मदतीने पुन्हा उघडून काढल्या. आज तालुक्याच्या रुग्णालयातही हे यंत्र असतं, सगळे त्याला कॉटरी म्हणतात.

पालकांसाठी एक उपयोगाची गोष्ट. ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर रक्त वाचवायचं काम कितीतरी आधी, घरीच सुरू होतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर काही आठवडे आधी लोहाचं औषध देऊन ते वाढवता येतं, मग थोडं रक्त गेलं तरी बाटली लागत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना आधीच सांगा, स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका. ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड नावाचं स्वस्त औषध आहे, त्याने जमलेली गुठळी लवकर विरघळत नाही आणि रक्तस्राव कमी होतो. ते आपल्या रुग्णाला चालेल का, हे विचारायला संकोच करू नका.

1919 मध्ये हॉल्स्टेड यांच्या पित्ताशयात खडे झाले. चाळीसेक वर्षांपूर्वी आईला झाले होते तसेच. त्यांनी ऑपरेशन करून घेतलं, पण त्रास पूर्ण गेला नाही. 1922 मध्ये दुखणं पुन्हा उफाळलं. कोणाकडून ऑपरेशन करून घ्यायचं हा प्रश्नच नव्हता. त्यांनीच शिकवलेले जॉर्ज ह्यूअर आणि माँट रीड यांनी ते केलं, बारीक चिमटे, तलम रेशीम, सगळं त्यांच्याच पद्धतीने. खडा निघाला. त्यानंतर गुंतागुंत झाली आणि 7 सप्टेंबर 1922 रोजी बाल्टिमोरला, आपल्याच रुग्णालयात ते गेले. सत्तरी पूर्ण व्हायला सोळा दिवस कमी होते. ब्रुकलिनच्या ग्रीनवुड दफनभूमीत त्यांना पुरलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅरोलाइनही गेल्या.